मुक्काम पोस्ट

पत्रावर पत्ता लिहिताना आधी 'मु. पो.' अशी दोन अक्षरे काढायची आणि मग गावाचे नाव लिहायचे, ही आपल्याकडची जुनी रीत. लहानपणी ती अक्षरे मी शेकडो वेळा काढली असतील; पण त्यांतल्या पहिल्या शब्दाकडे माझे लक्ष गेले ते अगदी अलीकडे. मुक्काम म्हणजे वाटेतला थांबा. दिंडीचा मुक्काम असतो, वऱ्हाडाचा असतो. रात्री गावात येऊन पहाटे परत जाणाऱ्या एस. टी.ला आपण 'मुक्कामी गाडी' म्हणतो. आणि तरीही ज्याच्या सात पिढ्या एकाच वाड्यात जन्मल्या आणि एकाच ओढ्याकाठी जळल्या, तो गृहस्थसुद्धा पत्त्यात 'मुक्काम' असेच लिहितो. आपण काही मोठे तत्त्वज्ञान सांगत आहोत असे त्या बिचाऱ्याच्या मनातही नसते.

पत्तेही काही अढळ नसतात म्हणा. २०२४ साली आमच्या अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. ज्यांच्या नावाने ते झाले त्या अहिल्याबाई जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या. पण त्यांचा संसार आणि राज्य दोन्ही माळव्यात झाले, आणि देह पडला तो महेश्वरला. लेकीचा मुक्काम असा हलतो, याचे आपल्याला कधी नवल वाटले नाही. म्हातारपणी हलणारा मुक्काम ही मात्र नवी गोष्ट आहे, आणि तीच हल्ली घरोघरी येऊ लागली आहे.

आमच्या घरी ती मामांच्या रूपाने आली. मामा जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. पारनेर तालुक्यातले त्यांचे गाव, चार एकर कोरडवाहू जमीन, एक विहीर आणि मेलबोर्नला नोकरी करणारा एकुलता मुलगा. पहिल्यांदा दोघे गेली ती तीन महिन्यांसाठी. कांगारू पाहिले, समुद्र पाहिला, परत येऊन आळीत चॉकलेटे वाटली. दुसऱ्या खेपेला नातवाचे बारसे झाले आणि मुक्काम वर्षाचा झाला. तिसऱ्या खेपेला मुलगा म्हणाला, "बाबा, दर वेळी हा पाहुण्यांचा कागद कशाला? लांब मुदतीचा घेऊ." आणि एका रविवारी सकाळी मामांचा मला फोन आला.

"तू मास्तर आहेस, कादंबऱ्या लिहितोस, तुला कागद वाचता येतो. सांग, सही करू का?"

मी म्हणालो, "मामा, आधी वाचतो, मग सांगतो."

आठ दिवस मी तो कागद वाचत होतो. ऑस्ट्रेलियाने आईवडिलांसाठी हा तात्पुरता परवाना २०१९ साली काढला. मुलाने हमी घ्यायची. मग आईबापांना तीन किंवा पाच वर्षे राहता येते. सुरू झाला तेव्हा त्याचे मोल तीन वर्षांना पाच हजार आणि पाच वर्षांना दहा हजार ऑस्ट्रेलियन डॉलर असे होते. नोकरी करायची नाही. दवाखान्याचा विमा स्वतःच्या खर्चाने उतरवायचा. आणि सगळे मिळून दहा वर्षांच्या वर राहायचे नाही. या वाटेने कायमचे होता येत नाही.

कायमचे व्हायचे तर दुसरी रांग आहे. तिथे माणशी पन्नास हजार डॉलरांच्या आसपास भरले तरी दहा-बारा वर्षांहून अधिक थांबावे लागते. आणि पैसे न भरणाऱ्यांची जी स्वस्त रांग आहे, तिचा अदमास तिथले सरकार स्वतःच तीस वर्षांच्या पुढे सांगते. मी हे मामांना सांगितले. मामांचे वय एकोणसत्तर. ते गणिताचे शिक्षक होते. पलीकडून काही क्षण आवाज आला नाही, मग ते म्हणाले, "म्हणजे तो कागद माझ्या नातवाच्या लग्नात मिळेल. माझा फोटो लावतील त्याला. हार घातलेला."

म्हातारपणाला परवाना लागतो ही कल्पनाच आपल्याला अजून पचलेली नाही. आपल्या जुन्या लोकांनाही उतारवयात घर सोडून जाण्याची हौस होती. कोणी काशीवासाला जाई, कोणी पंढरपुरात बिऱ्हाड करी. जाताना मुलांच्या हाती किल्ल्या द्यायच्या आणि निघायचे. काशीच्या वेशीवर 'किती दिवस राहणार, दरमहा उत्पन्न किती, आजारी पडलात तर खर्च कोण करणार' असे कोणी विचारीत नसे. आता नेमके हेच तीन प्रश्न साऱ्या जगाच्या वेशीवर विचारले जातात.

थायलंडचे उदाहरण घ्या. पन्नाशी उलटलेल्या परदेशी माणसाला तिथे निवृत्तीसाठी म्हणून राहता येते. मात्र बँकेत आठ लाख बाट ठेवावे लागतात किंवा महिन्याला पासष्ट हजारांची आवक दाखवावी लागते. दर नव्वद दिवसांनी 'मी याच पत्त्यावर आहे' असे कळवायचे. त्यातही दोन तऱ्हेचे परवाने आहेत. एक मायदेशातून काढून आणायचा, दुसरा तिथे गेल्यावरही मिळतो. ऑक्टोबर २०१९ अखेर पहिल्या तऱ्हेला आरोग्यविम्याची अट लागली. आता सत्तरी-पंच्याहत्तरीच्या माणसाचा विमा उतरवायला कोणती कंपनी धावत येणार? तेव्हा कित्येक म्हाताऱ्यांनी पहिला परवाना सोडून दुसरा धरण्याची खटपट केली. घर तेच, पलंग तोच, खिडकीतले नारळाचे झाडही तेच. नुसते कागदाचे अक्षर बदलायचे. पण ते अक्षर बदलले नाही तर खिडकीतले झाड जाते!

ऑस्ट्रेलियानेही एके काळी पैसेवाल्या परदेशी निवृत्तांसाठी असा खास परवाना ठेवला होता. २००५ साली तो नव्या लोकांना बंद झाला. ज्यांच्याकडे होता ते मुदत वाढवीत तिथेच म्हातारे होत राहिले. अखेर २०१८ साली सरकारने त्यांना कायमच्या परवान्याकडे जायची वाट मोकळी करून दिली. तोवर त्यांतल्या बहुतेकांच्या काठ्याही जुन्या झाल्या असतील.

हे सारे वाचताना मला वाटू लागले की जग मोठे निष्ठुर आहे आणि आपण तेवढे भोळे. मग एके दिवशी अरणगावच्या बाई भेटल्या आणि माझा तो समज तिथेच गळून पडला.

नगरहून दौंडच्या रस्त्याने निघाले की अरणगाव लागते. १९२३ साली मेहेरबाबा तिथे प्रथम आले आणि पुढे माळावर मेहेराबाद उभे राहिले. १९२५ पासून त्यांनी मौन धरले ते अखेरपर्यंत. ३१ जानेवारी १९६९ ला त्यांनी देह ठेवला. त्यांची समाधी त्याच टेकडीवर आहे. दर वर्षी त्या तारखेला हजारो माणसे जमतात आणि भर दुपारी बारा ते सव्वाबारा मुकाट बसतात. आपल्या महाराष्ट्रात इतकी माणसे एके ठिकाणी जमून पंधरा मिनिटे गप्प बसतात, हा चमत्कार ज्याला पाहायचा असेल त्याने तो तिथे जाऊन पाहावा. परदेशी भक्तांचा ओघ तर १९३० नंतरच सुरू झाला होता. समाधीच्या आतली भिंतीवरची चित्रे हेलन डाम या स्विस चित्रकर्तीने १९३८ साली काढली आहेत. आणि काही परदेशी माणसे आली ती इथलीच होऊन राहिली.

आमच्या जिल्ह्याला हे नवे नाही. शिर्डीला एक फकीर आला. त्याचे गाव कोणते, आईबाप कोण, जात कोणती, कोणालाही ठाऊक नव्हते. पडक्या मशिदीत तो १९१८ पर्यंत राहिला. 'पूर्वीचा पत्ता' ही ओळ त्याला कोणी भरायला लावली असती, तर ती कोरीच राहिली असती. त्याही आधी सिंथिया फॅरार या अमेरिकन बाई १८२७ च्या अखेरीस मुंबईस उतरल्या आणि १८३९ साली नगरला आल्या. मुलींच्या शाळा चालवता चालवता १८६२ साली त्या इथेच वारल्या. सावित्रीबाई फुले शिक्षिका होण्याचे धडे त्यांच्याकडे शिकल्या, असे चरित्रकार सांगतात. तेव्हा त्या अविवाहित परदेशी बाईच्या मुक्कामाचे ऋण माझ्यासारख्या खेड्यातल्या मास्तरावरही आहे.

अर्थात नगरने माणसे ठेवून घेतली ती सगळीच अशी प्रेमाने नव्हे. बोअर युद्धातले कैदी इथे ठेवले होते, दोन्ही महायुद्धांत जर्मनांना इथे अडकवून ठेवले होते, आणि ऑगस्ट १९४२ मध्ये जवाहरलाल नेहरू व त्यांचे सहकारी किल्ल्यात आणले गेले ते अडीच वर्षांहून अधिक काळ राहिले. या मंडळींना राहण्यासाठी अर्ज करावा लागला नाही. जाण्यासाठी करूनही उपयोग नव्हता!

तर अरणगावच्या बाई. त्या अमेरिकेतून पंचवीस-सव्वीस वर्षांच्या असताना इकडे आल्या. आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांची माझी ओळख नगरच्या बाजारात झाली. मेथीची जुडी हातात धरून त्या भाजीवालीशी अशा नगरी थाटात घासाघीस करीत होत्या की मी थांबून ऐकत राहिलो. त्यांना मी मामांची अडचण सांगितली, तेव्हा त्या हसल्या. म्हणाल्या, "मास्तर, तुमच्या मामांना सांगा, पाच वर्षांचा कागद म्हणजे चैन आहे. माझं अर्धं आयुष्य सहा महिन्यांच्या हप्त्यांनी गेलं."

मग त्यांनी जे सांगितले ते मला, या देशाच्या नागरिकाला, ठाऊक नव्हते. आपल्या भारतात निवृत्तीसाठी म्हणून परदेशी माणसाला परवानाच नाही. ज्यांचे आजे-पणजे इथले, त्यांच्यासाठी २००५ पासून ओ.सी.आय. कार्ड आहे; त्याने जन्मभर येता-जाता येते. पण ज्याचे रक्त इथले नाही, नुसते मनच इथले आहे, त्याच्या मनाला कार्ड मिळत नाही. त्याने पर्यटक म्हणून यावे. त्यांच्या देशाच्या माणसाला एका खेपेस १८० दिवस राहता येते; मग सीमा ओलांडून पुन्हा यावे. त्याहून लांब मुदतीचा दुसरा एखादा व्हिसा मिळाला तर आल्यापासून चौदा दिवसांत नोंद करायची. जिल्ह्यात ते काम पोलीस अधीक्षकांच्या कचेरीत चाले. २०१८ पासून ते संगणकावरून करता येऊ लागले. १९४६ चा परकीय नागरिकांचा जुना कायदा १ सप्टेंबर २०२५ ला जाऊन त्या जागी नवा आला.

आणि परवाना बदलायचा म्हटले तर? पर्यटकाचा व्हिसा इथल्या इथे सहसा बदलून मिळत नाही. मायदेशी जाऊन नव्याने अर्ज करावा लागतो. सवलत आहे ती मुख्यतः दोन प्रसंगी. परदेशी माणसाने भारतीयाशी लग्न केले तर, किंवा तो इथे अचानक आजारी पडला तर.

"म्हणजे राहायचं असेल तर लग्न करा किंवा आजारी पडा," बाई म्हणाल्या. "माझ्या वयाला दुसरं सोपं आहे."

२००९ च्या अखेरीस तर याहून मौज झाली. २६ नोव्हेंबरच्या मुंबईवरील हल्ल्याआधी डेव्हिड हेडली हा इसम वारंवार येऊन पाहणी करून गेल्याचे उघडकीस आले. त्यानंतर पर्यटक व्हिसावर नियम आला की एकदा देश सोडला की दोन महिने परत यायचे नाही. २०१२ च्या अखेरीस तो बहुतेकांसाठी उठला. नियमामागचे कारण कोणालाही पटेल असेच होते. पण त्या तीन वर्षांत बाईंना दर खेपेस साठ दिवस कुठेतरी काढावे लागत. अमेरिकेत त्यांचे घर नाही. बहिणीच्या घरी पाहुणी म्हणून राहायचे आणि इकडे शेजारणीला फोन करून तुळशीला पाणी घालायची आठवण द्यायची.

मी विचारले, "मग तुम्ही इथलं नागरिकत्वच का नाही घेतलं?"

तशी उदाहरणे आपल्यासमोर आहेत. गेल ऑम्वेट अमेरिकेत जन्मल्या. त्या सांगली जिल्ह्यातल्या कासेगावच्या सून झाल्या, १९८३ साली भारतीय नागरिक झाल्या आणि २०२१ साली कासेगावलाच वारल्या. फलटणला मुलांना मराठी लिहायला-वाचायला शिकवण्यात आयुष्य घातलेल्या मॅक्सिन बर्नसन यांनीही भारताचे नागरिकत्व घेतले. पण आपला कायदा दोन देशांचे नागरिकत्व एका वेळी मान्य करीत नाही. हे घ्यायचे तर ते सोडायचे.

बाईंनी मेथी पिशवीत टाकली. "माझी बहीण तिकडं आहे. ती शेवटची आजारी पडेल तेव्हा मला तिच्या दारात व्हिसा मागत उभं राहायचं नाही. म्हणून इथल्या दारात उभी राहते. दोन दारांपैकी कुठं उभं राहायला कमी लाज वाटते, एवढंच मी ठरवलं."

हे उत्तर घेऊन मी घरी आलो आणि मामांना फोन लावला. पण त्या दिवशी फोन घेतला मामींनी. आणि तेव्हा माझ्या ध्यानात आले की इतके दिवस या प्रकरणात मामींना कोणी काही विचारलेच नव्हते. मीसुद्धा 'मामांनी सही करावी की नाही' एवढाच विचार करीत होतो. वास्तविक हा परवाना माणशी स्वतंत्र असतो. दोन माणसे, दोन अर्ज, दोन सह्या. मामींच्या संसाराला त्या वर्षी पंचेचाळीस वर्षे झाली होती. आणि कुठे राहायचे याबद्दल त्यांची वेगळी सही मागणारा तो पहिलाच कागद होता.

"मामी, तुमचं काय मत?" मी विचारले.

त्या जराशा थांबल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "त्यांना सांगू नको. मला इथं बरं वाटतंय. नळ सोडला की पाणी येतं."

त्यांच्या त्या वाक्याने मी गप्पच झालो. पारनेर तालुका अवर्षणाचा. राळेगणसिद्धी याच तालुक्यातले. पाणी अडवून त्या गावाने नाव काढले. पण ते साधणे प्रत्येक गावाच्या नशिबी नव्हते. मामींचा जन्म विहिरीच्या पायऱ्या चढण्यात आणि टँकरची वाट पाहण्यात गेला. मामांना गाव आठवते ते पारावरचे, चावडीवरचे, 'या गुरुजी' म्हणून खुर्ची पुढे करणारे. मामींना गाव आठवते ते गुडघ्यांतून. एकाच घरात दोघांनी जन्म काढला, पण दोघांचा मुक्काम एके ठिकाणी नव्हताच! मामांना तिकडे करमत नाही, कारण तिथे त्यांना कोणी ओळखत नाही. मामींना तिकडे बरे वाटते, आणि मला वाटते, त्याचेही कारण तेच असावे. तिथे त्या उद्यानात नातवाला फिरवतात, पायांत बूट घालतात, आणि डोक्यावरचा पदर सरला तरी वळून पाहणारे कोणी नसते.

मी मामांना सल्ला दिला नाही. मामींनी सांगितलेलेही सांगितले नाही. एवढेच म्हणालो, "मामा, अर्ज दोन आहेत. दोघांनी आपापला भरा. एकमेकांचा पाहू नका."

मामा गणिताचे शिक्षक खरे, पण त्यांना विनोद कळतो. त्यांनी तसेच केले. मामांनी तीन वर्षांवर खूण केली, मामींनी पाच वर्षांवर. मुलगा चक्रावला. सुनेने, ऐकतो, सासूचा कागद आधी पाठवला. मामांना त्या दिवशी जेवण गेले नाही. रात्री त्यांचा मला फोन आला. आवाज जरा जडच होता. "इतकी वर्षं झाली रे, पण ही कधी बोलली नाही." मी म्हटले, "मामा, तुम्ही कधी फॉर्म दिला होता का भरायला?" यावर ते रागावतील असे मला वाटले होते. रागावले नाहीत. "तेही खरंच," एवढेच म्हणाले.

तीन वर्षांनंतर काय होईल हे आज कोणी सांगू शकत नाही. मामा गावी येतील आणि मामी दोन वर्षे मागे राहतील. किंवा मामा पुन्हा अर्ज करतील. किंवा मामी आपली दोन वर्षे पाण्यावर सोडून नवऱ्यामागे येतील. तसे झाले तर मला वाईट वाटेल. पण तो त्यांचा मुक्काम आहे, त्यांनी ठरवायचा. दहा वर्षांच्या मर्यादेचे गणित मात्र मामांच्या डोक्यातून गेलेले नाही. ऐंशीव्या वर्षी निघावे लागले तर घर लागेल, म्हणून त्यांनी गावातला वाडा विकला नाही. उलट पावसाळ्यापूर्वी माणूस लावून पत्रे बदलून घेतले. विहिरीतला गाळही काढायला सांगितला आहे. मामी परत आल्याच, तर पाणी असावे म्हणून.

यंदाच्या दिवाळीत त्यांच्या वाड्यात पणत्या लावायला मीच गेलो होतो. मामांचा व्हिडिओ फोन आला, सगळा वाडा दाखवून झाला. मग त्यांना एकदम आठवण झाली. नोव्हेंबर म्हणजे हयातीच्या दाखल्याचा महिना. पेन्शन घेणाऱ्याने दर वर्षी 'मी जिवंत आहे' असे सांगायचे असते. पूर्वी त्यासाठी बँकेत जाऊन रांगेत उभे राहावे लागे; हल्ली मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा धरला तरी चालतो. मामांनी मुलाचा फोन हातात घेतला, चष्मा काढला. यंत्राने डोळ्यांची उघडझाप करायला सांगितली. त्यांनी केली. पहिल्या खेपेस जमेना. उजेड कमी पडत होता. तेव्हा मागून मामी आल्या, त्यांनी पडदा बाजूला सारला आणि म्हणाल्या, "हं, आता उघडा डोळे."

दाखला मंजूर झाल्याचा निरोप आला. मामांनी तो मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात कुठे राहता, किती दिवस राहणार, असा एकही प्रश्न नव्हता. माणूस आहे, एवढ्यावर सरकारचे समाधान झाले होते.